कादंबरी कशात लिहावी?

अकरावी-बारावीच्या वर्गात लेखनाची हौस असलेली दोन-चार मुले असतातच. त्यांच्यापैकी एखादे मूल कधीतरी शिक्षकांना गाठते आणि विचारते, "सर, कादंबरी लिहायची तर कोणते सॉफ्टवेअर चांगले?" आपल्याला थोडे हसू येते. "आधी लिही तर खरे," असे उत्तर ओठांवर येते. पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक नामवंत लेखकांनी तो स्वतःला विचारला आहे, आणि त्यांच्या उत्तरांतून संगणकाच्या इतिहासाचा एक वेगळाच भाग उलगडतो. तो आपण पाहू. शेवटी आम्हांला या मुलांना जे सांगावेसे वाटते तेही सांगू.

पुनर्लेखनाची किंमत

कादंबरी एकदा लिहून संपत नाही. ती पुन्हा पुन्हा लिहावी लागते. एखादे पात्र मधूनच काढून टाकावे लागते, दहावे प्रकरण चौथ्याच्या आधी न्यावे लागते. हाताने लिहिण्याच्या काळात अशा प्रत्येक बदलाची किंमत कुणाला तरी मोजावी लागे. टॉलस्टॉय यांच्या 'युद्ध आणि शांती' या १८६९ साली पूर्ण झालेल्या कादंबरीचे खाडाखोडीने भरलेले कागद त्यांच्या पत्नी सोफिया रात्री बसून स्वच्छ अक्षरात उतरवून काढीत. सकाळी टॉलस्टॉय त्याच प्रतीवर पुन्हा खाडाखोड करीत.

१८७० नंतरच्या दशकात टंकलेखन यंत्र बाजारात आले. मार्क ट्वेन यांनी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी' या पुस्तकाची टंकलिखित प्रत प्रकाशकाकडे दिली होती. अक्षर सुवाच्य झाले, पण अडचण तशीच राहिली. पानाच्या मध्यावर एक परिच्छेद घालायचा तर ते पान, आणि बहुधा त्यापुढचीही पाने, पुन्हा टंकित करावी लागत. शब्द कागदावर उमटला की तो तेथेच चिकटून बसे. तो हलवता यायला हवा असेल तर कागदावर उमटण्यापूर्वी त्याला दुसरीकडे कोठेतरी साठवायला हवे होते.

नव्वद किलोचे यंत्र

ही सोय १९६४ साली आयबीएम कंपनीने आणली. 'मॅग्नेटिक टेप सिलेक्ट्रिक टाइपरायटर' हे तिचे लांबलचक नाव. विजेवर चालणाऱ्या टंकलेखन यंत्राला चुंबकीय फितीची जोड दिलेली होती. कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे आणि त्याच वेळी त्या अक्षराचा संकेत फितीवर नोंदला जाई. चूक दुरुस्त करायची तर फितीवरचा संकेत बदलायचा. नंतर कोरा कागद लावला की यंत्र फितीवरून सारा मजकूर आपोआप टंकित करी. पडदा मात्र नव्हता. फितीवर काय आहे हे कागदावर उतरल्याशिवाय दिसत नसे.

लंडनमधले कादंबरीकार लेन डेटन १९६८ साली दुसऱ्या महायुद्धावरील 'बॉम्बर' ही कादंबरी लिहीत होते. एका रात्रीचा एक हवाई हल्ला एवढाच तिचा विषय. पण इंग्लंडमधल्या विमानतळांवरचे वैमानिक, त्यांना अडवणारे जर्मन वैमानिक आणि खाली गावात झोपलेली माणसे असे अनेक धागे त्या रात्रीत गुंतलेले होते. एका धाग्यात वेळ पाच मिनिटांनी बदलली की बाकीच्या धाग्यांत दुरुस्त्या कराव्या लागत. डेटन यांच्या साहाय्यक बाई एकेक प्रकरण पुन्हा पुन्हा टंकित करीत. शेवटी डेटन यांनी आयबीएमचे ते यंत्र घेतले. त्याचे वजन सुमारे ९० किलो होते. ते जिन्यावरून नेता येईना, म्हणून घराची खिडकी काढून क्रेनने आत घ्यावे लागले. 'बॉम्बर' १९७० साली प्रसिद्ध झाली. शब्दसंस्करणाच्या यंत्रावर लिहिलेली ही जगातली पहिली कादंबरी असावी, असे या विषयाचे अभ्यासक मॅथ्यू किर्शनबॉम यांचे मत आहे.

कादंबरीतल्या हल्ल्याची तारीख डेटन यांनी ३१ जून १९४३ अशी दिली आहे. जून महिना ३० दिवसांचा असतो, हे विद्यार्थ्यांनी लगेच ओळखावे. ही चूक नव्हे. घडलेली घटना काल्पनिक आहे हे लेखकाने मुद्दाम सुचवले आहे.

या उदाहरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डेटन यांनी यंत्र नवे आहे म्हणून घेतले नाही. त्यांच्या कादंबरीची एक विशिष्ट अडचण होती, आणि तीच नेमकी या यंत्राने सुटत होती.

टेबलावरचा संगणक

१९७५ च्या सुमारास घरगुती संगणक आले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, मायकेल श्रेयर यांनी त्यांच्यासाठी 'इलेक्ट्रिक पेन्सिल' ही लेखनाची आज्ञावली तयार केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत सेमूर रुबिनस्टाइन यांच्या कंपनीचे 'वर्डस्टार' आले. त्याची आज्ञावली रॉब बार्नबी यांनी लिहिली होती. आपल्याकडे १९९० च्या आसपास संगणक शिकलेल्या अनेकांची पहिली ओळख याच वर्डस्टारशी झाली.

त्या काळच्या पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळा नव्हत्या. म्हणून वर्डस्टारमध्ये 'कंट्रोल' कळ दाबून ई, एस, डी, एक्स या कळा वापरल्या की दर्शक अनुक्रमे वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली सरके. कळफलकावर या चार कळा चौकटच्या आकारात आहेत, त्यामुळे त्या पाठ कराव्या लागत नसत. मजकुराच्या तुकड्याच्या सुरुवातीला एक खूण करायची, शेवटी दुसरी, मग हवे तेथे जाऊन तो तुकडा उचलून आणायचा. मधल्या वेळात लेखक इतरत्र फिरू शके, काही लिहू शके, खुणा जागच्या जागी राहत. कागदाच्या समासात पेन्सिलीने खूण करून ठेवावी, तसेच हे होते. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी याच कारणासाठी वर्डस्टारची बाजू वर्षानुवर्षे मांडली आहे.

वर्डस्टारची एक हकिकत आपल्या शेजारच्या श्रीलंकेतली आहे. आर्थर क्लार्क कोलंबोत राहत. १९८२ साली प्रसिद्ध झालेली '२०१०: ओडिसी टू' ही कादंबरी त्यांनी संगणकावर वर्डस्टारमध्ये लिहिली आणि एका पाच इंची फ्लॉपीवर न्यूयॉर्कला धाडली. अखेरच्या घटकेच्या दुरुस्त्या पाडुक्का येथील भूकेंद्रावरून उपग्रहामार्फत गेल्या. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरणाऱ्या, म्हणजे भूस्थिर उपग्रहांमार्फत जगभर संदेश पाठवता येतील, ही कल्पना क्लार्क यांनीच १९४५ साली एका लेखात मांडली होती. सदतीस वर्षांनी त्यांच्याच कादंबरीतल्या दुरुस्त्या त्या मार्गाने गेल्या!

शेवटच्या अक्षराचे कोडे

आता थोडे आत शिरून पाहू. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजीसाठी 'आस्की' नावाची संकेतावली ठरली होती. तिच्यात ७ बिट वापरले जात, म्हणजे ० ते १२७ असे १२८ संकेत. इंग्रजीतल्या 'पेन' या शब्दाची तीन अक्षरे, पी, ई आणि एन, ही ११२, १०१, ११० अशी साठवली जात. पण बाइटमध्ये बिट असतात ८. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक बिट मोकळा राही.

वर्डस्टारच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी या मोकळ्या बिटाचा उपयोग करून घेतला. ओळींची मांडणी करताना शब्द कोठे संपतो हे समजावे म्हणून शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट 'चालू' केला जाई. आठव्या बिटाची किंमत १२८. त्यामुळे 'पेन' मधला शेवटचा ११० हा ११० + १२८ = २३८ होई. वर्डस्टारला हे ठाऊक असल्याने पडद्यावर 'एन'च दिसे. पण तीच फाइल दुसऱ्या आज्ञावलीत उघडली, की आयबीएमच्या संगणकावर २३८ चे चिन्ह, म्हणजे ग्रीक 'एप्सिलॉन', तेथे उमटे. प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर असे बिघडलेले!

युक्ती हुशारीची होती, त्यात शंका नाही. जागा वाचली आणि कामही झाले. पण लेखकाचा मजकूर त्या एका आज्ञावलीशी बांधला गेला, आणि हे लेखकाला आज्ञावली बदलेपर्यंत कळले नाही.

पुढे 'वर्ड' आले तेव्हा ही गाठ आणखी घट्ट झाली. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटावे, ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७४ साली 'ब्राव्हो' या आज्ञावलीत साकारली होती. तिच्या निर्मात्यांपैकी चार्ल्स सिमोन्यी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली 'वर्ड' बाजारात आले. ठळक अक्षरे, तिरपी अक्षरे, समास हे सारे मजकुराबरोबर साठवायचे, तर फाइलची रचना गुंतागुंतीची होणारच. वर्डच्या जुन्या फाइलींच्या रचनेचा तपशील कंपनीने सर्वांसाठी खुला केला तो २००८ साली. तोवर इतरांना बराचसा अंदाजाने मार्ग काढावा लागे.

आपली देवनागरी

मराठीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. आस्कीत देवनागरीला जागाच नव्हती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले. १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतावली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात क हा कोणत्याही भारतीय लिपीत क च्याच संकेताने साठवायचा, असे सूत्र होते.

पण छापखान्यांत आणि कचेऱ्यांत बहुतेक काम झाले ते वेगळ्याच मार्गाने. संगणकाला इंग्रजी अक्षरेच कळतात ना, मग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेला फॉन्ट बसवावा, ही ती युक्ती. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो. 'एच' म्हणजे अर्धा भ, पहिला 'के' म्हणजे त्याला पुरा करणारा काना, दुसरा 'के' म्हणजे 'भा'चा काना, मग र आणि त. फॉन्ट असेल तर पडद्यावर सुरेख 'भारत' दिसते. फॉन्ट नसेल तर पाच निरर्थक रोमन अक्षरे.

येथे साठवला जातो तो अक्षराचा आकार, अक्षर नव्हे. 'हिंदी' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आकाराने ह च्या आधी येते, म्हणून ती आधी साठवली जाते. उच्चारात मात्र ती ह च्या नंतर आहे. त्यामुळे अशा मजकुरात शब्द शोधणे, अकारविल्हे यादी लावणे, शुद्धलेखन तपासणे ही कामे त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या साधनांवाचून अडतात. शिवाय श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीचे फॉन्ट आणि त्यांची रचना आपापली होती. एकीतला मजकूर दुसरीत थेट जात नसे.

१९९१ सालीच 'युनिकोड' या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला इस्कीच्या धर्तीवर १२८ जागा मिळाल्या. क चा संकेत २३२५. फॉन्ट बदलला, संगणक बदलला, देश बदलला, तरी तो २३२५ च राहतो. 'विंडोज २०००' पासून मराठीची ही सोय नेहमीच्या संगणकावर मिळू लागली. तरीही जुन्या फॉन्टांची सवय पुढे कित्येक वर्षे टिकली.

बाबा पद्मनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली छापले गेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते ओळखतो. त्याची जुनी प्रत हाती आली तर कोणत्याही यंत्रावाचून वाचता येते. त्याच्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी, १९९५ साली, कोणी कादंबरी संगणकावर लिहून केवळ फ्लॉपीवर ठेवली असेल, तर आज ती वाचायला फ्लॉपीचे यंत्र हवे, फ्लॉपी शाबूत हवी, ती आज्ञावली हवी आणि तो फॉन्टही हवा. या चारांपैकी एक जरी नसले तरी काम अडते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आता मिळतात, पण जोडाक्षरांच्या चुका डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात.

संग्रहालयातला संगणक

इतर देशांतल्या ग्रंथालयांपुढेही हा प्रश्न आहे. मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी यांनी आपले कागदपत्र अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाला दिले. त्यांत हस्तलिखितांबरोबर त्यांचे जुने संगणकही होते. ग्रंथपालांनी त्यांतल्या एका संगणकाची हुबेहूब नक्कल नव्या संगणकावर आज्ञावलीच्या रूपाने उभी केली. २०१० पासून अभ्यासकांना रश्दींचा तो जुना पडदा जसाच्या तसा पाहता येऊ लागला. हे काम कौतुकास्पद आहे, पण खर्चाचे आणि कष्टाचेही आहे. प्रत्येक लेखकाच्या नशिबी असे विद्यापीठ नसते.

मग निवडावे काय?

लेखकांनी निवडलेली साधने एकमेकांपासून फार वेगळी आहेत. जॉर्ज मार्टिन यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले, की ते आपल्या जाडजूड कादंबऱ्या डॉस चालणाऱ्या, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर वर्डस्टारच्या ४.० या आवृत्तीत लिहितात. ही आवृत्ती १९८७ ची! आपोआप शुद्धलेखन सुधारणारी साधने त्यांना नको होती. कल्पित जगातली नावे वापरणाऱ्या लेखकाला अशी 'मदत' जाचक वाटणे स्वाभाविक आहे. याउलट नाबोकोव्ह हे आपल्या कादंबऱ्या छोट्या कार्डांवर लिहीत आणि कार्डांचा क्रम बदलून पाहत. याच जातीची सोय २००७ साली कीथ ब्लाउंट यांनी आणलेल्या 'स्क्रिव्हनर' मध्ये आहे. त्यात कादंबरीचे तुकडे फळ्यावर टाचलेल्या कार्डांसारखे मांडता आणि हलवता येतात.

डेटन यांना धागे जुळवायचे होते, मार्टिन यांना निवांतपणा हवा होता, नाबोकोव्ह यांना क्रम बदलायचा होता. म्हणून विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा : "तू लिहितोस कसा? अडतोस कोठे?" जो सरळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लिहितो त्याला साधी वहीसुद्धा पुरते. जो तुकड्यातुकड्यांनी लिहितो त्याला कार्डांची सोय उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न साधनाला विचारायचा, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे : "तू नाहीसे झालास तर माझे लेखन मला परत मिळेल का?" मजकूर युनिकोडमध्ये आहे का? साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढता येतो का? फाइलीची रचना खुली आहे का? या कसोटीवर लिबर ऑफिससारखी मोफत आज्ञावलीही पुरी उतरते. जालावरील सेवेत लिहिणाऱ्याने एक प्रत नियमितपणे स्वतःकडे उतरवून घ्यावी आणि शक्य तर कागदावर छापूनही ठेवावी.

मराठीसाठी एक छोटी चाचणी आम्ही सुचवतो. निवडलेल्या साधनात 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दोन्ही नीट उमटले, फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावरही तसेच राहिले आणि शोध घेतल्यावर वेगवेगळे सापडले, तर निम्मी परीक्षा झाली.

वर्गात करून पाहा

१. 'नोटपॅड' मध्ये फक्त 'कादंबरी' हा शब्द लिहून फाइल युटीएफ-८ या पद्धतीने साठवा. तिचा आकार पाहा. क, काना, द, अनुस्वार, ब, र, दीर्घ वेलांटी असे ७ संकेत, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २१ बाइट भरतील. काही जुन्या संगणकांवर २४ दिसतील. तेथे सुरुवातीला ३ बाइटांची एक ओळखखूण जोडलेली असते.

२. आता हिशेब करा. ८०,००० शब्दांची मराठी कादंबरी, शब्दाला सरासरी ६ संकेत आणि एक मोकळी जागा धरली, तर शब्दामागे १९ बाइट. एकूण १५,२०,००० बाइट. साडेतीन इंची फ्लॉपीवर मावत १४,७४,५६० बाइट. म्हणजे सारी कादंबरी एका फ्लॉपीपेक्षा जेमतेम मोठी! आजच्या पेनड्राइव्हवर अशा किती मावतील, हे मुलांनी काढावे.

३. वर्डच्या २००७ नंतरच्या पद्धतीच्या एखाद्या फाइलीची प्रत करा, तिच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करा आणि ती उघडा. आत अनेक छोट्या फाइली दिसतील. त्यांतल्या 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलीत खुणांच्या गर्दीत आपला मजकूर शोधा. तो तेथे वाचता येतो, यालाच खुली रचना म्हणतात.

हे तीन प्रयोग झाल्यावर तो पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बहुधा उत्तर सांगावे लागणार नाही. तो निवड करील आणि लिहायला बसेल. दोन प्रकरणे झाली की त्यांची एक प्रत त्याने आपल्याकडेही ठेवायला द्यावी, एवढे मात्र त्याला जरूर सांगावे.